पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानातून घरी येतो, सोबत काय घेऊन येतो? घरचा कॉम्प्युटर व्हायरसपासून असा राखा

वडगाव मावळ : पीक विम्याचा अर्ज, पोराच्या कॉलेजचे कागद, बँकेला द्यायचं दरपत्रक, काहीही छापायचं असलं की माणूस पेनड्राईव्ह खिशात टाकतो आणि झेरॉक्सच्या दुकानात जातो. वडगाव असो, कामशेत असो की पवनानगर, दुकानातला कॉम्प्युटर एकच आणि पेनड्राईव्ह लावणारे शंभर. काम होतं, पैसे देऊन माणूस घरी येतो आणि तोच पेनड्राईव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावतो. उघडून बघावं तर फोल्डरच्या जागी बारीक बाण असलेले शॉर्टकट दिसतात. माणूस म्हणतो, "काहीतरी बिघडलंय वाटतं," आणि त्यावर दोनदा क्लिक करतो. व्हायरस घरात शिरतो तो इथे.

आता खेड्यातल्या घरच्या कॉम्प्युटरमध्येही बरंच काही असतं. दूध संकलनाचे हिशोब, गॅसवाल्याची आणि किराणा दुकानाची बिलं, लोणावळ्यात बंगला भाड्याने देणाऱ्याची बुकिंगची वही, मुलांचे दाखले, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, लग्नाचे फोटो. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त होतो, नवा घेता येतो. पण दहा वर्षांचे फोटो आणि पाच वर्षांचे हिशोब एकदा गेले की कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून ही माहिती.

व्हायरस म्हणजे नेमकं काय?

व्हायरस हा आजार नाही, तो माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आहे. टायपिंगचा, हिशोबाचा प्रोग्रॅम जसा असतो तसाच हाही. फरक इतकाच की तो मालकाला न विचारता काम करतो. अशा सगळ्या प्रोग्रॅमना मिळून मालवेअर म्हणतात. दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो तो व्हायरस. नेटवर्कवरून किंवा पेनड्राईव्हवरून स्वतःच पसरत जातो तो वर्म. चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो तो ट्रोजन. गुपचूप पासवर्ड चोरतो तो स्टीलर. आणि फाइलींना कुलूप घालून पैसे मागतो तो रॅन्समवेअर. लोक बोलताना सगळ्यांना व्हायरसच म्हणतात, त्यात काही बिघडत नाही.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये फिरलेला सुरुवातीचा गाजलेला व्हायरस म्हणजे १९८६ चा 'ब्रेन'. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला होता आणि तो फ्लॉपीवरून पसरायचा. आपल्या पुण्याचाही या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले. ते काढण्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण घेणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९५ मध्ये 'क्विक हील' हे अँटीव्हायरस बाजारात आलं. म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तीस वर्षांपूर्वी जे दुखणं येत होतं, तेच आजही येतं. फ्लॉपी गेली, पेनड्राईव्ह आला, सवय मात्र तीच राहिली.

"आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय चोरायला?"

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर असं की व्हायरस माणूस बघून येत नाही. तो पाण्यासारखा जिथे उतार मिळेल तिथे जातो.

२७ जून २०१७ चं उदाहरण घ्या. 'नॉटपेट्या' नावाचं मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं. रोख युक्रेनवर होता. पण ज्या परदेशी कंपन्यांचा युक्रेनशी व्यवहार होता त्यांच्या नेटवर्कमधून ते जगभर पसरलं आणि थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोहोचलं. तिथलं एक कंटेनर टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाकडे होतं. त्याचं कॉम्प्युटरवरचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. एक्सप्रेसवेवरून मावळातून रोज जे कंटेनर जातात, त्यातले बरेच याच बंदराकडे जाणारे असतात. युक्रेनच्या भांडणाशी त्या ट्रकवाल्यांचा काय संबंध? काही नाही. तरी झळ बसली.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरवून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले. ११ ऑगस्टला काही तासांत बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

घरच्या कॉम्प्युटरमधून ९४ कोटी जाणार नाहीत हे खरं. पण ब्राउझरमध्ये 'सेव्ह' करून ठेवलेले पासवर्ड, जीमेल, नेट बँकिंग आणि जीएसटीचं खातं यांची किंमत आहेच. स्टीलर जातीचं मालवेअर नेमकं तेच उचलतं. तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्यांना स्पॅम मेल पाठवायलाही वापरला जातो आणि मालकाला फक्त "नेट स्लो झालंय" एवढंच कळतं.

शॉर्टकटचा खेळ कसा चालतो

पूर्वी पेनड्राईव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा आणि व्हायरस त्याचाच फायदा घ्यायचे. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेनड्राईव्हसाठी ती सोय बंद केली. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडायचे. क्लिक केलं की खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. पण त्याच वेळी मागून व्हायरस सुरू होतो, कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडतो आणि यापुढे लागणाऱ्या प्रत्येक पेनड्राईव्हवर हाच प्रयोग करतो.

बाजारातून आणलेलं जनावर शहाणा शेतकरी थेट गोठ्यात बांधत नाही. चार दिवस बाजूला बांधतो, लाळ किंवा अंगावर गाठी आहेत का बघतो, मग दावणीला नेतो. पेनड्राईव्हचंही तसंच करायचं :

- पेनड्राईव्ह लावला की लगेच उघडू नका. 'धिस पीसी' मध्ये त्याच्या चिन्हावर राईट क्लिक करा आणि 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय दिसला नाही तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा.
- शॉर्टकट दिसले तर एकावरही क्लिक करू नका. फोल्डर गेलेले नसतात, लपलेले असतात. म्हणून घाईने पेनड्राईव्ह फॉरमॅटही करू नका.
- स्कॅन करून व्हायरस काढल्यावर 'व्ह्यू' मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसलं नाही तर फोल्डरच्या ऑप्शन्समध्ये 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची खूण काढा. कधी कधी सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये टाकलेला असतो, तोही उघडून बघा. आपल्या फाइली मिळाल्या की ती खूण पुन्हा पहिल्यासारखी करा.
- झेरॉक्सच्या दुकानासाठी एक स्वस्तातला पेनड्राईव्ह वेगळाच ठेवा. त्यात फक्त छापायची फाइल टाकायची. घरी आल्यावर तो फॉरमॅट करायचा. घरातल्या फोटोंचा आणि हिशोबाचा पेनड्राईव्ह दुकानात न्यायचाच नाही.

फाइल व्हॉट्सअॅपने दुकानदाराला पाठवली तर पेनड्राईव्हची भानगड टळते, पण मग आधार कार्ड दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर राहतं. छपाई झाली की समोर उभं राहून "दादा, तेवढी फाइल डिलीट करा," असं सांगायला लाजू नये.

'क्रॅक' फुकट नसतो

लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि फोटो अल्बमची कामं करणाऱ्या बऱ्याच जणांना महागडी सॉफ्टवेअर लागतात. गेम खेळणाऱ्या पोरांना गेम लागतात. मग कुणीतरी सांगतं, "क्रॅक व्हर्जन आहे, फुकट आहे." क्रॅक बसवताना पहिली सूचना काय असते? "आधी अँटीव्हायरस बंद करा." चोराने घरात शिरण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगावं आणि आपण तो बांधावा, अशातला हा प्रकार आहे.

'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरलं आणि त्याचा निशाणा मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती कॉम्प्युटरवर राहिला. ते शिरलं की फोटो, वर्ड, एक्सेल, पीडीएफ अशा सगळ्या फाइलींना कुलूप लागतं आणि प्रत्येक नावापुढे एक अनोळखी शेपूट चिकटतं. फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी सापडते. त्यात लिहिलेलं असतं की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये काम होईल. जे सॉफ्टवेअर फुकट म्हणून घेतलं त्याचं बिल असं येतं.

पैसे दिले तर फाइली मिळतीलच याची काही खात्री नाही. चोराकडे पावती नसते. 'नो मोअर रॅन्सम' नावाचा एक उपक्रम नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून जुलै २०१६ मध्ये सुरू केला. काही रॅन्समवेअरची किल्ली तिथे फुकट मिळते. सगळ्यांची मिळत नाही, पण म्हणूनच कुलूप लागलेल्या फाइली लगेच पुसून टाकू नयेत. आज नाही तर उद्या किल्ली निघू शकते.

क्रॅकला पर्याय आहेत. वर्ड-एक्सेलच्या कामासाठी लिबरऑफिस फुकट आहे. फोटोसाठी जिम्प आहे, डिझाईनसाठी इंकस्केप आहे. सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. सॉफ्टवेअर घेताना ते बनवणाऱ्याच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यावं. गुगलवर शोधल्यावर सर्वांत वर जे 'स्पॉन्सर्ड' म्हणून येतं ती जाहिरात असते, खरी साइट असेलच असं नाही.

फाइलचं आडनाव बघा

फाइलच्या नावाला शेवटी आडनाव असतं. फोटोचं जेपीजी, कागदाचं पीडीएफ, प्रोग्रॅमचं ईएक्सई. विंडोज ही आडनावं लपवून ठेवतं. त्यामुळे 'लाईटबिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल आली तर पडद्यावर फक्त 'लाईटबिल.पीडीएफ' एवढंच दिसतं. माणसाला वाटतं बिल आहे. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम असतो आणि क्लिक करताच सुरू होतो.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करा. मग आडनाव दिसायला लागेल. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एमएसआय या आडनावाची फाइल मेलवर किंवा व्हॉट्सअॅप वेबवर आली तर ती उघडायची नाही. झिप फाइल पासवर्डसकट आली तर दुप्पट संशय घ्या, कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला डोकावता येत नाही. वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल तर दाबू नका.

मोबाईल हाही कॉम्प्युटरच. तिथे हे आडनाव एपीके. लग्नाचं निमंत्रण, वाहनाचं चलन, पीएम किसानची यादी किंवा बँकेची केवायसी अशा नावाने एपीके फाइली व्हॉट्सअॅपवर फिरतात. लग्नपत्रिका कधीही एपीके नसते. ती फोटो असते किंवा पीडीएफ. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्याचाच फोन आधी बाधित झालेला असू शकतो. एक फोन करून विचारा, "भाऊ, हे तूच पाठवलंस का?"

अपडेट : "नंतर करू" महागात पडतं

१२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर बाधित झाले, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून ते शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध दारात पडून होतं. ज्यांनी घेतलं ते वाचले.

मावळात अपडेट टाळण्याची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं आणि रोजचा डेटा संपतो. दुसरं म्हणजे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली तर कॉम्प्युटर अडकायची भीती. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, पाऊस-वारा नसलेला दिवस बघून अपडेट लावावं. महिन्यातून एकदा वायफाय असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप नेऊन अपडेट केला तरी चालेल. मायक्रोसॉफ्टचं मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे ते रात्री किंवा बुधवारी दिसतं. म्हणजे महिन्यातला एक दिवस ठरवून टाकता येतो.

अजून एक महत्त्वाचं. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाने वेगळी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची सोय ठेवली आहे. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नसेल आणि काम फक्त इंटरनेट आणि टायपिंगचं असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट टाकून घेता येतं. मुदत संपलेल्या विंडोजवर निदान बँकेचं काम तरी करू नये.

अँटीव्हायरस विकतचा की फुकटचा?

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो. घरगुती वापराला तो पुरतो, फक्त तो चालू आहे का आणि अपडेट होतो का हे बघावं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडल्यावर सगळ्या चिन्हांवर हिरवी खूण दिसली पाहिजे. धंद्याचा कॉम्प्युटर असेल, अनेक जण हाताळत असतील, तर विकतचं घ्यायला हरकत नाही. पण मुदत संपलेलं विकतचं अँटीव्हायरस ठेवण्यापेक्षा ते काढून डिफेंडर चालू केलेला बरा. दोन-दोन अँटीव्हायरस एकावेळी टाकू नयेत, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन रांगायला लागतं.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाइटवर मालवेअर काढण्याची साधनं फुकट मिळतात.

अँटीव्हायरसइतकंच महत्त्वाचं काम खात्यांचं आहे. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात, 'अॅडमिनिस्ट्रेटर' आणि 'स्टँडर्ड'. मुलांना स्टँडर्ड खातं काढून द्या. मग नवीन प्रोग्रॅम टाकताना मोठ्यांचा पासवर्ड लागतो. पोराने चुकून काही डाउनलोड केलं तरी ते घरभर पसरत नाही.

ग्रामपंचायत, सोसायटी, ठेकेदार यांच्याकडे डिजिटल सहीचं डोंगल असतं. ते दिवसभर कॉम्प्युटरला लावून ठेवलेलं दिसतं. सहीचा शिक्का टेबलावर उघडा ठेवून कुणी जेवायला जातं का? सही झाली की डोंगल काढून कपाटात ठेवावं.

पडद्यावर नंबर दिसला तर

एखादी वेबसाइट बघताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि लिहून येतं, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." बऱ्याचदा हा व्हायरस नसतोच, नुसतं वेबपेज असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. घाबरून फोन केला की समोरचा गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो. ही सॉफ्टवेअर वाईट नाहीत, पण त्यांचा कोड अनोळखी माणसाला देणं म्हणजे घराची किल्ली देणं.

असा धंदा फार लांब चालतो असंही समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीत भाड्याने घेतलेल्या रिसॉर्टमधून चालणाऱ्या बनावट कॉल सेंटरवर छापा टाकला. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचे मदतनीस असल्याचं भासवून तिथून परदेशातल्या लोकांना फसवलं जात होतं. लोणावळा-खंडाळ्यातही बंगले भाड्याने जातात. बंगला देणाऱ्यांनी कागदपत्रं नीट बघूनच तो द्यावा, हा यातला दुसरा धडा.

असा लाल पडदा आला तर ऑल्ट आणि एफ ४ ही बटणं एकत्र दाबा. नाही बंद झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. आणि कोणतीही साइट 'नोटिफिकेशन अलाऊ करा' म्हणाली तर 'ब्लॉक' दाबा.

बियाण्याचं पोतं वेगळं ठेवा

वरची सगळी काळजी घेतली तरी एखाद्या दिवशी चूक होतेच. घरात चार माणसं कॉम्प्युटर वापरणार, चौघांनीही कधीच चुकीचं क्लिक करायचं नाही, हे जमत नाही. म्हणून शेवटचा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रत, ज्याला बॅकअप म्हणतात.

मावळात इंद्रायणीचं भात झोडून झालं की बियाण्याचं पोतं वेगळं बांधतात. खायच्या भाताला कीड लागली, उंदीर लागले, तरी पुढच्या वर्षीची पेरणी अडत नाही. बॅकअपचं तत्त्व हेच आहे. पण पोतं वेगळ्या जागी असलं तरच उपयोग. बरेच जण बाहेरची हार्ड डिस्क घेतात आणि ती कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवतात. रॅन्समवेअर आलं की ते जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतं. कणगीतच बियाणं ठेवल्यासारखं झालं.

पद्धत सोपी आहे. एक हार्ड डिस्क घ्या. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, बाजाराचा वार धरलात तर विसरणार नाही, ती जोडा, महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. धंद्याचे हिशोब असतील तर दोन डिस्क घ्या, एक आड एक वापरा. फार मोजके कागद, म्हणजे दाखले, आधार, जमिनीचे स्कॅन, इंटरनेटवर ठेवायचे असतील तर गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, मात्र त्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघा. बियाणं उगवतंय का हे पेरणीआधी बघतात, तसंच.

लागलाच तर काय करायचं?

१. आधी नेट तोडा. वायफाय बंद करा, केबल काढा.

२. बॅकअपची डिस्क लावू नका. घाईत लोक हीच चूक करतात आणि शिल्लक प्रतही घालवतात.

३. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं.

४. दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. त्याच बाधित मशीनवरून बदलले तर नवे पासवर्डही चोराकडे जातील.

५. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येऊ शकतात. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाइटवरही तक्रार करता येते.

६. मशीन दुरुस्तीला देण्याआधी पडद्यावरच्या सूचनेचा, चिठ्ठीचा मोबाईलने फोटो काढा. पुरावा म्हणून लागतो. दुरुस्तीवाल्याला "फॉरमॅट मारा" म्हणण्याआधी "माझ्या फाइली कुठे आहेत?" हे विचारा.

तक्रारीसाठी हद्दीचा घोळ घालू नये. लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तर तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. १९३० ला मात्र हद्द नाही, तो देशभर एकच आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम व्हायरस सोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे लाजून गप्प बसण्याचं कारण नाही. फसवणारा गुन्हेगार आहे, फसलेला नाही.

या सगळ्यात खर्चाच्या गोष्टी दोनच आहेत, एक हार्ड डिस्क आणि दुकानासाठी वेगळा पेनड्राईव्ह. बाकी सगळं सवयीचं काम आहे. या आठवड्यात एवढं एकच करा : घरातले फोटो आणि हिशोब एका डिस्कवर उतरवा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. आडनाव बघणं, अपडेट लावणं हे पुढच्या आठवड्यात झालं तरी चालेल. बियाण्याचं पोतं मात्र आधी बाजूला काढलेलं बरं.